रसास्वादाची वही: चार रकाने, सहा चित्रपट

वर्गात दाखवलेल्या चित्रपटांवर प्रतिक्रिया लिहायची म्हटलं की बहुतेक वह्यांमध्ये तोच मजकूर सापडतो. अभिनय सहज, छायाचित्रण सुंदर, शेवट चटका लावणारा. यात खोटं काहीच नसतं, पण दोन महिन्यांनी ती ओळ वाचली तर एकही दृश्य डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून या सत्रात वहीची पद्धत बदलली. आधी पद्धत सांगतो, मग तिच्यातून काय हाती लागलं ते.

पानावर चार रकाने: वेळ, दिसलं काय, ऐकू आलं काय, वाटलं काय. पहिल्यांदा पाहताना फक्त पहिला आणि चौथा रकाना भरायचा. "१८:४०, घशात आवंढा." बस्स. कारण लिहायचं नाही. मधले दोन रकाने दुसऱ्यांदा पाहताना, तेवढ्याच जागा उघडून भरायचे. हा क्रम उलटवला तर फसगत होते. पहिल्याच वेळी कारण शोधत बसलं की पाहणं थांबतं, आणि झटकन सुचलेलं कारण बहुतेकदा चुकीचं निघतं. खालच्या नोंदींत हे पुन्हा पुन्हा दिसेल.

सभागृहात अंधारात लिहायचं तर शिसपेन्सिल घ्या. जेल पेनाची शाई ओली असताना तळहाताखाली फासली जाते. डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा, ओळ संपली की अंगठा दोन बोटं खाली सरकवायचा. ओळी एकमेकींवर चढत नाहीत. एका पानावर चार-पाच नोंदीच, अक्षर मोठं, पानांवर आकडे आधीच घातलेले. घड्याळ दिसत नसेल तर वेळेऐवजी दृश्याची खूण लिहा: "चादरींचा ढीग", "विजेचा खांब". मोबाइल उघडू नका, मागच्या तीन रांगांचा रसभंग होतो. चित्रपट संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उतरवून काढा. अंधारातलं अक्षर दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाही लागत नाही.

घरी पुन्हा पाहताना प्रत तपासणं ही पहिली पायरी, कारण प्रतच बिघडलेली असेल तर प्रतिक्रियाही बिघडते. तीन दोष हमखास आढळतात.

पहिला चौकटीचा. जुन्या बोलपटांची चौकट साधारण १.३७ : १, आजच्या टीव्हीची १.७८ : १. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसत असतील तर प्रत बरोबर आहे. पडदा पूर्ण भरलेला दिसत असेल तर चित्र एकतर ताणलेलं आहे किंवा वरखाली कापलेलं. कापलं असेल तर उंचीचा जवळजवळ चौथा भाग जातो: पाय जातात, जमीन जाते, घराचं छत जातं. ताणलेलं ओळखायला चित्रातलं चाक किंवा ताट शोधा. ते अंडाकृती दिसलं की समजायचं. व्हीएलसी या संगणकावर चित्रपट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'ए' ही कळ दाबत गेलं की चौकटीचं प्रमाण बदलतं.

दुसरा वेगाचा. सेकंदाला २४ चित्रांवर घेतलेला चित्रपट काही जुन्या डीव्हीडींवर २५ ने धावतो. चार टक्के फरक म्हणजे १२० मिनिटांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांत संपतो आणि सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. संवादांत लक्षात येत नाही, गाण्यात येतं. ओळखीचं गाणं पेटीवर ताडून पाहावं.

तिसरा टीव्हीचा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, चित्राच्या प्रगत सेटिंगमध्ये सापडते. ती चालू असली की १९५५ चा चित्रपटही कालच्या मालिकेसारखा दिसतो.

'राजा हरिश्चंद्र' (१९१३)

दादासाहेब फाळक्यांचा हा मूकपट ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. आज शाबूत असलेला भाग पूर्ण चित्रपटाएवढा नाही. वर्गात पहिली प्रतिक्रिया हशाची होती, कारण माणसं टुणटुण उड्या मारत चालताना दिसत होती. तो दोष फाळक्यांचा नव्हे, प्रक्षेपणाचा: सेकंदाला साधारण १६ चित्रांवर घेतलेला मूकपट २४ ने चालवला की असं होतं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं असतात. म्हणजे सेकंदाला १६ च्या वेगाने एक फूट एका सेकंदात सरकतो, आणि हजार फुटांचं रीळ १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. तेच २४ च्या वेगाने ११ मिनिटांत उरकतं. व्हीएलसीत वेग ०.६७ करून बघा. आधी मात्र प्रतीचा वेग कुणी दुरुस्त केलेला नाही ना याची खात्री करा, नाहीतर माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसतील. कसोटीसाठी चेहरे पाहू नका. पडणारं पाणी आणि वाऱ्यावर हलणारं कापड पाहा, त्यांना अभिनय येत नाही. वेग जमल्यावर तारामतीच्या भूमिकेतल्या अण्णा साळुंक्यांच्या हालचालींत एक सावकाश डौल दिसू लागतो आणि हसू आपोआप थांबतं.

'बॅटलशिप पोटेमकिन' (१९२५)

ओडेसा शहरातल्या जिन्यावर सैनिक लोकांवर गोळ्या झाडत उतरतात, त्या दृश्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की थोडक्यात आटोपतो. जिन्याला १९२ पायऱ्या. सैनिक सेकंदाला एक पायरी उतरले तरी सव्वातीन मिनिटांत तळाशी पोहोचतील. स्टॉपवॉच लावून दृश्य मोजा. जास्तीचा वेळ दिग्दर्शक आयझेनस्टाइनने संकलनातून निर्माण केला आहे. चष्मेवाल्या बाईवर तलवारीचा घाव बसला, असं वर्गातल्या जवळपास सगळ्यांनी लिहिलं. व्हीएलसीत 'ई' कळ दाबत एकेक चित्र पुढे सरका: कोसॅकचा (झारच्या घोडेस्वार सैनिकाचा) चेहरा, उगारलेला हात, मग थेट फुटलेला चष्मा आणि रक्त. घाव बसताना दिसतच नाही. तो आपण घालतो.

'संत तुकाराम' (१९३६)

इथे जरा थांबायला हवं. प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचं, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवलेला. ज्या पुण्याच्या स्टुडिओत तो घडला, तिथेच आज चित्रपटाचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. मराठी घरांत तो इतक्यांदा पाहिलेला असतो की प्रतिक्रिया आधीच ठरलेली असते: भक्तिभाव. म्हणून हा चित्रपट पद्धतीच्या कसोटीला फार उपयोगी पडतो.

माझ्या वहीत चौथ्या रकान्यात सगळ्यात जास्त खुणा विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामासमोर नसून गौरीबाईंच्या जिजाईसमोर, म्हणजे तुकारामाच्या बायकोसमोर, निघाल्या. आजारी पोराला ओढत ती देवळात शिरते, हातात चप्पल, आणि विठोबाला जाब विचारते. या जागी एकाच मिनिटात "हसू" आणि "पोटात कालवाकालव" अशा दोन खुणा. कारण म्हणून मनात आधी आला तिचा फटकळपणा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिल्यावर वेगळंच दिसलं. तुकारामाच्या दृश्यांत शरीर स्थिर असतं, नजर चौकटीच्या बाहेर कुठेतरी लागलेली. जिजाईचे हात क्षणभर मोकळे नाहीत: म्हैस, चूल, पोरं, भांडी. चित्रपटातलं वजन ती उचलते, आणि म्हणून तिचा राग देवापर्यंत पोहोचतो. शेवटी विमान वर जातं, जिजाई खालीच राहते. चमत्कारांच्या जागी माझ्या वहीत एकही खूण नव्हती, ही जागा मात्र भरलेली होती.

मग उलट प्रयोग करा. पडदा झाका, फक्त ऐका. 'पांडुरंग ध्यानी' हा अभंग तुकारामाच्या तोंडी सरळ, शब्दाला धरून येतो. तोच त्याचा प्रतिस्पर्धी सालोमालो याच्या गळ्यात नाटकी ताना घेत फिरतो. खरा कोण आणि ढोंगी कोण हे संगीतकार केशवराव भोळ्यांनी चालीतच सांगून टाकलं आहे, त्यासाठी चेहरा पाहावा लागत नाही. 'आधी बीज एकले' ही रचना शांताराम आठवल्यांची. ती तुकोबांचीच म्हणून कैक जण गात आले. ऐकताना शब्दांपेक्षा ओळींच्या लांबीकडे लक्ष द्या, मग अभंगाचा भास कुठून येतो ते कळतं. वर सांगितलेला चढ्या सुराचा दोष या चित्रपटाला सर्वाधिक मारक ठरतो. पागनिसांचा आवाज पातळ वाटला तर आधी प्रत तपासा.

'राशोमोन' (१९५०)

पहिली प्रतिक्रिया: चीड. एकाच गुन्ह्याच्या चार जणांच्या चार हकिकती आणि निवाडा नाही. चीड पटकथेमुळे, असं वाटलं होतं. मधले रकाने भरताना कळलं की खरी अडचण आपल्याला कुठे बसवलं आहे याची आहे. चौकशीच्या दृश्यांत प्रश्न विचारणारा दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदार आपल्याकडे तोंड करून उत्तरं देतात. दिग्दर्शक कुरोसावाने न्यायाधीशाच्या जागी आपल्याला बसवलं आहे आणि निकाल द्यायला साधन दिलेलं नाही. पुढच्या साक्षी चालू असताना लाकूडतोड्या आणि भिक्षू मागे भिंतीशी बसलेले दिसतात, तिकडे नजर जाऊ द्या. उपशीर्षकं वाचताना डोळा चौकटीच्या तळाशी अडकतो आणि हे हटकून सुटतं. उपाय एकच: निवडलेलं दृश्य दुसऱ्यांदा उपशीर्षकं बंद करून पाहायचं.

जंगलातल्या उजेडासाठी छायालेखक मियागावाने आरसे वापरून ऊन परावर्तित केलं, आणि वेशीवरचा पाऊस करड्या आभाळावर उठून दिसावा म्हणून पाण्यात शाई मिसळली होती. हे आधी वाचू नका. आधी "पाऊस अंगावर आल्यासारखा" असं लिहून होऊ दे, मग वाचा.

'पथेर पांचाली' (१९५५)

ही नोंद छोटी, पण वर्गातली सगळ्यात मोठी चूक इथे पकडली गेली. बाप हरिहर घरी परततो, आणलेल्या वस्तू दाखवू लागतो, तो नसताना वारलेल्या मुलीसाठीची, दुर्गासाठीची साडी आई सर्बजयाच्या हातात येते आणि ती कोसळते. "आईचा हंबरडा" असं अनेकांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं. हंबरडा नाहीच. तिचं तोंड उघडतं आणि तिथे तारशहनाई या तंतुवाद्याचा चढा सूर आहे. डोळ्यांनी पाहिलं ते कानांनी ऐकल्यासारखं वाटलं. म्हणूनच दुसरा आणि तिसरा रकाना कधीही एकाच बैठकीत भरू नयेत. आगगाडीच्या दृश्याचंही तसंच. दोघं भावंडं गाडी पाहतात असं आठवतं, पण दुर्गा धावताना पडते, रुळांपर्यंत तिचा धाकटा भाऊ अपूच पोहोचतो. पुढे आजारपणात ती गाडी बघायला जायचं म्हणते, तेव्हा ही आठवण चुकलेल्याला त्या वाक्याची धार कळत नाही.

'कोर्ट' (२०१४)

चैतन्य ताम्हाणेच्या चित्रपटासमोर बहुतेकांनी "कंटाळा" लिहिलं. ते खोडू नका, ती या सत्रातली सर्वांत प्रामाणिक नोंद आहे. तिचं माप मात्र घ्या. दहा मिनिटांचा तुकडा निवडा, प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट (सलग घेतलेलं दृश्य) तुटून दुसरा सुरू होतो तिथे, एक रेघ, पाचवी रेघ आडवी. ६०० सेकंदांना शॉटच्या संख्येने भागा. कट २४ असतील तर शॉट २५ आणि सरासरी २४ सेकंद. एक वाढवायला लोक विसरतात. हाच तुकडा एखाद्या चालू हिंदी चित्रपटाशी ताडून पाहा.

सरासरीपेक्षा कामाचं दुसरं माप आहे, त्याला आम्ही शॉटची शेपटी म्हणतो. दृश्यातलं काम संपलं त्या क्षणापासून कट येईपर्यंतचे सेकंद. इथे शेपट्या लांब आहेत. लोकशाहिराचा खटला पुढे ढकलला जातो, पुढचं प्रकरण पुकारलं जातं, कॅमेरा जागचा हलत नाही. सरकारी वकील कलमांचा मजकूर एका सुरात वाचत जाते आणि आपण बाकांवरच्या लोकांकडे पाहू लागतो. कंटाळा येतो तो तारखेला बसलेल्या माणसाचा. शेवटाकडे कोर्ट रिकामं होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. वर्गात दोघंतिघं उठून उभे राहिले होते. चित्रपट तिथे संपत नाही: न्यायाधीश सुट्टीवर, बाकावर डुलकी, पोरांचा ओरडा, एका पोराला चपराक, पुन्हा डुलकी. त्या काळ्या पडद्याची शेपटी मोजून ठेवा. लॅपटॉपवर पाहणारे तिथे सरळ पुढे ढकलतात आणि मग शेवट उगाच जोडल्यासारखा वाटतो म्हणतात.

पुढच्या आठवड्यात 'फँड्री'. तयारी म्हणून एवढंच: डुकराच्या पाठलागात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर तेवढं चालत राहतं. पूर्ण राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. दृश्य स्टॉपवॉच लावून त्याच्याशी ताडा, किती वेळ कोण स्थिर आहे ते वेगळं लिहा, आणि चौथा रकाना त्याच्या आधी भरलेला असू द्या.