मुठेच्या उलट्या वाटेने: कुंभारवेशीपासून मोसे खोऱ्यापर्यंत

आत्या दरवर्षी १२ जुलैला एकच वाक्य म्हणते, "एकदा ते पानशेत बघायचंय मला." १९६१ साली धरण फुटलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुण्यातच सगळं आयुष्य गेलं, सिंहगडावर शंभरदा गेली असेल, पण पानशेतला कधी गेली नाही. यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी गाडी काढली. म्हटलं, आत्या, सरळ जायचं नाही. नदीच्या काठाकाठाने जायचं, पाणी येतं त्याच्या उलट्या दिशेने.

म्हणून सकाळी सातला आधी कसब्यात. कुंभारवेशीजवळ गाडी लावली आणि पायी चढून आलो. कसबा उंचवट्यावर आहे हे गाडीतून कळत नाही, गुडघ्यांना कळतं. एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला नागझरीचा ओढा, मधल्या चढावर पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. पाणी हाताशी, पण पावसाळ्यात घरात शिरणार नाही एवढ्या उंचीवर. राष्ट्रकूटांच्या ७५८ सालच्या ताम्रपटात 'पुण्यविषय' असा उल्लेख येतो, म्हणजे तेव्हाच हा मुलूख नावारूपाला आलेला होता. नदीच्या अगदी कडेला कुंभार, कारण गाळाची माती तिथे. आता चाकं बरीचशी मुंढव्याला केशवनगरात गेली, तरी वेशीला नाव कुंभारांचंच आहे.

तिथून ओंकारेश्वर. आत्याचं माहेर शनिवारात, देवळापासून चार मिनिटांवर. वाडा पाडून तिथे इमारत झाली, त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. ती पायऱ्यांवर बसली आणि मी न विचारता सांगायला लागली.

"लोकांना वाटतं पाणी नदीकडून भिंतीसारखं आलं. आमच्याकडे आधी मोरीतून आलं. आईने कणीक भिजवली होती. मोरीतून पाणी उलटं वर आलं, आई म्हणाली, अगं, हे काय. तेवढ्यात चौकात घोटाभर. मग कोणीतरी ओरडलं, धरण फुटलं."

सगळा वाडा पर्वतीकडे पळाला. परत आले तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि कणगीतले गहू फुगून आंबले होते. तो वास तिला अजून आठवतो. पितळेचा हंडा चौकातल्या कडीपाटाला अडकून राहिला होता, झाकणासकट. आत जुनं पाणी, स्वच्छ. तिच्या आईने त्या हंड्याला नमस्कार केला होता.

पानशेतचं धरण मातीचं, बांधकाम पूर्ण व्हायचं होतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठलं. भिंत खचू लागली तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी ती फुटली आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं. शहर बुडालं आणि त्याच दिवशी शहराचा पाणीपुरवठाही गेला. आत्याच्या घरच्यांनी पाणी भरलं ते हौदावरून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून दगड-चुन्याचे नळ ह्या हौदांपर्यंत आणले होते. कात्रज उंचावर, शहर उतारावर, म्हणून पाणी आपसूक वाहत यायचं, वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधलेले. त्याच्या दोनशे वर्षं आधी कोणीतरी जमिनीचा उतार नीट वाचला होता, म्हणून १९६१ साली शनिवारातल्या एका पोरीला पाणी मिळालं.

मग पूरग्रस्त म्हणून त्यांना गोखलेनगरला घर मिळालं. घर म्हणजे निसन हट, अर्धगोल पत्र्याचं. ह्या भागाविषयी आत्या फारसं बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "वाड्यात कोणाकडे काय शिजलंय ते वासावरून कळायचं. तिथे पहिले काही दिवस शेजारी कोण तेच माहीत नव्हतं. एकीकडे कासार, समोर बुरूड, मागे शाळेतले शिपाई. आईला आधी जड गेलं. मग त्या बुरडांच्या काकूंनीच माझ्या बाळंतपणात रात्री काढल्या." वाड्यातली इतर बिऱ्हाडं कुणी सहकारनगरला, कुणी थेट मुंबईला गेली. पुण्याच्या पेठा आणि आळ्या जातवार वसल्या होत्या, तांबट आळी, बुरूड आळी, ही नावंच पाहा. ती घडी पिढ्यानपिढ्या कोणी मोडली नव्हती. पुराने एका दिवसात मोडली. ज्यांची माणसं त्या पाण्यात गेली त्यांच्यासमोर हे बोलायची माझी हिंमत होणार नाही. पण आत्याचं पुढचं आयुष्य त्या पत्र्याच्या रांगेत घडलं, हे खरं आहे.

विठ्ठलवाडीला देवळापाशी पाच मिनिटं थांबलो. नदी देवळाला खेटून वाहते. जवळच एकतानगरी, जिथे २५ जुलै २०२४ला लोकांना घरांतून बाहेर काढावं लागलं. आत्या खिडकीतून बघत राहिली, बोलली काही नाही.

खडकवासल्याला गर्दी, कणसं, भजी. थांबलो नाही. पुढे डोणजे सोडलं की रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेने जातो आणि हवाच बदलते. इथे पावसाचं गणित सांगायला हवं, त्याशिवाय पुणं कळत नाही. पश्चिमेला ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम सातशे, पूर्वेला दौंडकडे त्याहून कमी. शंभरेक किलोमीटरच्या आत भाताचा मुलूख संपतो आणि ज्वारी-बाजरीचा सुरू होतो. पुणं त्या सांध्यावर बसलंय. आमच्या ताटात भाकरी आणि आंबेमोहर दोन्ही असतात ते उगाच नाही. आणि घाटमाथ्यावर पडलेलं बहुतेक पाणी समोर दिसणाऱ्या कोकणात न उतरता पूर्वेला फिरतं, मुठेतून मुळेला, भीमेला, कृष्णेला, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत.

दोन्ही बाजूंना भात पोटरीत आला होता. मध्ये डोंगराची धार, पलीकडे दुसरी नदी, पुन्हा धार. बारा मावळ म्हणतो ते हेच. पवन मावळ, आंदर मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं, कानद खोरं: बहुतेक नावं पाण्यावरून. नदी हाच तालुका होता. पावसाळ्यात धार ओलांडणं अवघड, त्यामुळे एका खोऱ्यातल्या माणसाचं जग त्या खोऱ्याएवढं. न्याय, भांडण, जत्रा, सोयरीक सगळं आत. प्रत्येक खोऱ्याला आपला देशमुख: मोसे खोऱ्यात पासलकर, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर. शिवाजी महाराजांनी तोरणा, राजगड घेतले हे आपण शाळेत शिकतो. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की पाण्याने वेगळी केलेली ही माणसं त्यांनी एका शपथेत आणली. धार चढून पलीकडच्या खोऱ्यातल्या वैऱ्याच्या शेजारी उभं राहायला त्या देशमुखांना काय लागलं असेल, हे त्या रस्त्यावर गाडी चालवतानाच मला पहिल्यांदा जाणवलं.

पानशेतला पोचलो. नवीन भिंत हिरव्या गवताने झाकलेली, पलीकडे तानाजीसागर शांत. आत्या बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "एवढंसं पाणी दिसतंय." हा जलाशय साडेदहा टीएमसीच्या, म्हणजे साडेदहा अब्ज घनफुटांच्या वर. मी काही बोलले नाही.

पानशेत आंबी नदीवर, शेजारचं वरसगाव धरण मोसे नदीवर. त्याच्या जलाशयाला बाजी पासलकरांचं नाव दिलं आहे. आम्ही वरसगावच्या बाजूने थोडं पुढे गेलो. बांधावर एक म्हातारे गृहस्थ भातातलं तण काढत होते. आत्यानेच हाक मारली, "भाऊ, गाव कोणतं तुमचं?"

त्यांनी विळ्यानेच पाण्याकडे दाखवलं. "त्ये काय. खाली हाय. उन्हाळ्यात पाणी आटलं की जोती दिसत्यात. आमच्या दाराची पायरी अजून शाबूत हाय, ताई."

धरण झालं तेव्हा गाव उठलं. ते वर डोंगराच्या पोटाला सरकले, धाकट्या भावाला दौंडकडे जमीन मिळाली. एका आईची दोन मुलं, एक भाताच्या मुलखात, एक उसाच्या. खोऱ्यातल्या घरांत आता लग्नकार्यालाच सगळे एकत्र येतात, आणि तिकडच्या मुलांना लावणीचं गाणं येत नाही, असं ते सांगत होते.

आत्या खाली बसली, बांधावरच. "मी त्या पुरातली," ती म्हणाली. "शनिवार पेठ. आमचं घर गेलं त्यात."

त्यांनी विळा बाजूला ठेवला. "तवा मी गुरं राखत हुतो," ते म्हणाले. "वरनं बघितलं आम्ही. पाणी गेलं, आवाज मागनं आला." मग दोघं बराच वेळ नुसतीच पाण्याकडे बघत बसली. मी गाडीतून डबा आणला, धपाटे होते. त्यांनी एक घेतला, अर्धा फडक्यात बांधून नातवासाठी ठेवला.

निघताना आत्याने विचारलं, "भावाच्या शेताला पाणी पुरतं का हो तिकडे?"

"कालव्याचं हाय ना. इथलंच जातंय की," ते हसले. "आवर्तन सुटून चारीला पाणी आलं का फोन करतो मला. म्हणतो, दादा, आपल्या दारातलं पाणी आलं."