सड्यावरचा फोन

दर दुसऱ्या बुधवारी अकराच्या सुमारास दादा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जातो. घरात रेंज नाही, पडवीत एखादी दांडी येते नि जाते, पण सड्यावर करवंदीच्या जाळीपाशी फोन बरोब्बर लागतो. मुंबईहून हॉस्पिटलच्या सिस्टर फोन करतात.

गेल्या वर्षी त्याचं मेनिन्जिओमाचं, म्हणजे मेंदूच्या आवरणावरच्या गाठीचं ऑपरेशन झालं. ग्रेड १, म्हणजे कॅन्सर नव्हे, पण गाठ परत येऊ शकते म्हणून पुढची काही वर्षं एमआरआय चालूच. सुरुवातीला प्रत्येक वेळी कणकवलीहून कोकणकन्या, रात्रभर डोळा नाही, सकाळी ओपीडीची लाईन, आणि शेवटी डॉक्टरांसमोर जेमतेम पाच मिनिटं, त्यात दादाचं ठरलेलं उत्तर, "सगळा बरा आसा." की परतीची गाडी!

सिस्टर मात्र असं सोडत नाहीत. गोळी किती वाजता घेता, झोप लागते का, विहिरीवर एकटे जाता का, आणि एकदा एप्रिलमध्ये विचारलं, "झाडावर चढता का?" दादा गप्प. कारण सीझन होता आणि स्वारी आंबे काढायची घळ घेऊन आमच्या नकळत कलमांवर चढत होती. फिट येऊन गेलेल्या माणसाने डॉक्टर हो म्हणेपर्यंत झाडावर चढायचं नाही, गाडी चालवायची नाही, एकट्याने समुद्रात उतरायचं नाही, हे माहीत सगळ्यांना होतं, विचारलं कोणीच नव्हतं.

मग त्यांनी वहिनीला वेगळा फोन केला. दादा शेजारी नसताना वहिनी पहिल्यांदा खरं बोलली, की तो उगाच खेकसतो, परवा भाताचं ताट ढकललं. आम्ही आपले समजत होतो डोक्याचं ऑपरेशन, स्वभाव बदलला, काय करणार. सिस्टर म्हणाल्या, लेव्हेटिरॅसिटमने, म्हणजे फिटच्या त्या गोळीने, काहींची चिडचिड वाढते, पण मनाने गोळी बंद करू नका हं, एकदम सोडली तर फिट येऊ शकते. औषध बदलणं काही त्यांच्या हातात नाही, ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचं, पण त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि पुढे हळूहळू गोळी बदलली. दोनेक महिन्यांनी दादा परत ओटीवर बसून गजाली मारायला लागला.

वहिनीला एक अजून शिकवलं. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल. शेजारच्या काकी अजून रुसल्यात, कारण त्यांचा कांदा तयार असतो.

फोनवर सगळं कळतं असंही नाही. चालताना तोल जातो का ते बघायला व्हिडिओ कॉल लावला तर चित्र गोठलं, दादा एक पाय वर करून तसाच.

आता पाऊस लागलाय. विजा नसल्या की छत्री घेऊन मी त्याच्याबरोबर सड्यावर जातो, फोन लागला की छत्री त्याच्याकडे देतो आणि त्याचं बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन भिजत उभा राहतो.