रस नको, साल हवी

ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलमध्ये फेरफार करायला फारशी जागाच नाही. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने, कॉकटेल म्हणजे काय या वाचकाच्या शंकेला उत्तर देताना मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (मुळे-सालींचा मद्यात काढलेला कडवट अर्क) एवढ्याच चार गोष्टी सांगितल्या होत्या. आज बर्बन ही अमेरिकी व्हिस्की ओतून केलेल्या ग्लासातही त्याच असतात. पाण्याचे काम तेवढे बहुतांशी बर्फाने उचलले आहे. फळाचा वाटा शेवटी पिळलेल्या सालीपुरता. तरीही या पेयाला संत्र्याचा स्वाद वाढवून द्यायचा म्हटले की बहुतेकांचा हात रसाकडे जातो, आणि सगळे बिघडते ते तिथेच, असे माझे ठाम मत आहे.

रसाने आंबटपणा येतो, तो तोलायला साखर वाढते, पेय गढूळ होते, मग नुसते ढवळून भागत नाही म्हणून शेकर काढावा लागतो, आणि एवढ्या खटाटोपानंतर हाती येते ती व्हिस्की सावरची, म्हणजे लिंबाचा रस घातलेल्या आंबटगोड कॉकटेलची, चुलत बहीण. 1933 मध्ये अमेरिकेतील मद्यबंदी उठल्यानंतर संत्र्याची फोड आणि चेरी ग्लासाच्या तळाशी चेचण्याची रीत तिकडे बरीच बोकाळली होती. व्हिस्की त्या चोथ्यातून गाळून घ्यावी लागे.

संत्र्याचा खरा गंध सालीतल्या बारीक तेलग्रंथींत असतो. लहानपणी भावंडांच्या डोळ्यांत साल पिळून ज्यांनी मार खाल्ला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या तेलात लिमोनीन हे गंधद्रव्य भरपूर असते; ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यात मात्र सहज मिसळते. म्हणून मी साध्या साखरेऐवजी सालीत मुरवलेली साखर वापरतो. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की चार चांगली फळे कोमट पाण्याने चोळून धुवायची. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने सोलाण्याने तिच्या सुबक पट्ट्या निघत नाहीत; त्यापेक्षा हातानेच सोलावी आणि आतला पांढरा पापुद्रा चमच्याने खरवडून टाकावा. कडवटपणासाठी बिटर्स आहेतच, पापुद्र्याने त्यात भर घालू नये. मग सालीचे तुकडे 100 ग्रॅम साखरेत बोटांनी चुरडून रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी साखर ओलसर आणि पिवळसर झालेली असते, झाकण काढताच वास स्वयंपाकघरभर पसरतो. त्यात 50 मिलीलीटर गरम पाणी घालून, ढवळून गाळले की पाक तयार.

पुढचे काम झटपट होते. 60 मिलीलीटर बर्बन, एक छोटा चमचा पाक, अंगोस्तुरा बिटर्सचे दोन शिंतोडे आणि बर्फाचा एक मोठा तुकडा. अर्धा मिनिट ढवळावे आणि वरून सालीचा ताजा तुकडा पिळावा. (महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो, हे जाता जाता.) बर्बनचा आग्रह शौकापोटी नाही. तिच्या धान्यात किमान 51 टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपांत मुरते, त्यामुळे तिला व्हॅनिला आणि करपवलेल्या साखरेचा वास येतो, आणि संत्र्याच्या तेलाचे त्याच्याशी छान जमते. धुरकट स्कॉचमध्ये हाच पाक हरवून जातो. मोसंबीच्या हिरव्या सालीचा पाक मला उग्र वाटला. लिंबाच्या सालीचा बरा लागतो, पण तो एका चमच्याऐवजी अर्धाच घालावा.

पाक फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. घरातल्या न पिणाऱ्यांना तोच थंडगार सोड्यात घालून द्यावा, मात्र त्यात बिटर्सचे थेंब टाकू नयेत. औषधासारख्या दिसणाऱ्या त्या बाटलीत जवळजवळ 45 टक्के अल्कोहोल असते.