मे महिन्यातला कोरडा हात

मी लहान मुलांचे दात बघते. मे महिन्यातली दुपार होती, ओपीडीतला एक पंखा बंद, आणि ग्लोव्हज काढले की बोटांवरून घाम निथळत होता. लालबागहून एक आई आणि तिच्या सासूबाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. तक्रार एकच, दात येत नाहीत.

वर दोनच दात, सुळ्यांसारखे टोकदार. खालची हिरडी नुसती धार. डोक्यावर विरळ, पिंगट केस. "ताप फार येतो हो याला," आई म्हणाली. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, फाइलमधले सगळे रिपोर्ट निगेटिव्ह. पण तारखा बघितल्या तर बहुतेक मार्च ते जून, नाहीतर ऑक्टोबर. मी त्याचा हात हातात घेतला. आम्ही सगळे घामाने चिंब, आणि हा हात तापलेला, कागदासारखा कोरडा.

"याला घाम येतो का?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढ्या जाड फाइलीत हा प्रश्न कुठेच नव्हता.

एक्स-रेमध्ये जबडा जवळजवळ रिकामा होता. दाताची सुरुवात आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास होते. हिरडीच्या जागी असलेला वरचा थर आणि त्याखालच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आणि ते निरोप घ्यायला पेशींच्या पृष्ठभागावर ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात. त्यातला एक ईडीएआर. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी, तिघांच्याही सुरुवातीला तो लागतो. त्याला जाऊन चिकटणारं प्रथिन म्हणजे ईडीए. या आजारात, म्हणजे हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिसप्लेसियात, बहुतेकदा बिघाड ईडीएच्या जनुकात असतो. ग्राही शाबूत असतो, निरोपच पोचत नाही. म्हणून दात नाहीत, आणि घाम नाही म्हणून उन्हाळ्यात अंग तापतं.

डार्विनने 1875 मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहून ठेवलंय : चार पिढ्यांतले दहा पुरुष, मोजके दात, अंगावर केस कमी, उन्हाळ्यात कातडी कोरडी. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांत तो उतरायचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता.

मुलींमार्फत उतरतो, हेच मला आता बोलायचं होतं, आणि जीभ अडखळत होती. कारण सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या होत्या, "ग्रहणात विळीवर बसली ही. नको नको म्हणत होते मी."

मी आईला तोंड उघडायला सांगितलं. वरच्या पुढच्या दातांशेजारचा एक दात नव्हताच, दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा. ईडीएचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. तिच्याकडे दुसरं चांगलं एक्स होतं, मुलाकडे एकच. जेनेटिक्सची चिठ्ठी लिहिताना मी दोघींना सांगितलं, "हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. ग्रहणाचा संबंध नाही, आणि हिचा दोष नाही."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना तापाने गेला. गावी, वैशाखात. त्यालाही दात आले नव्हते."

मी उन्हाळ्यात काय करायचं ते सांगितलं : ओला बनियन, सतत पाणी, दुपारी बाहेर नाही, ताप चढला की आधी अंग गार करायचं. कवळी आत्ताच बसवता येईल, जबडा वाढेल तशी बदलावी लागेल. माप घ्यायला गुरुवारी बोलावलं.

सासूबाईंनी पिशवीतली बाटली काढली, पदराचं टोक भिजवलं आणि नातवाच्या मानेवर ठेवलं. मग बाटली सुनेपुढे धरली. "तूही पी थोडं."