नव्या संहितांसाठी एक छोटी रंगभूमी उभी करताना

नव्या नाटककाराला लिहिलेला संवाद नटाच्या तोंडून ऐकण्याची संधी फार क्वचित मिळते. त्याची संहिता स्पर्धेला जाते, परीक्षक ती वाचतात, एखादे पारितोषिकही मिळते, आणि पुढे ती कपाटात पडून राहते. कारण नाव न ऐकलेल्या नाटकाला प्रेक्षक सहसा येत नाही, आणि प्रेक्षक येणार नाही म्हणून निर्माता ते नाटक हाती घेत नाही. ही कोंडी फोडावी म्हणून आम्ही काही हौशी रंगकर्मींनी केवळ नवी आणि फारशी परिचित नसलेली नाटके करणारी एक छोटी संस्था सुरू केली. अशा रंगभूमीचा पाया अभिवाचनात, म्हणजे नटांनी श्रोत्यांपुढे संहिता वाचून दाखवण्यात, घालावा लागतो, हे माझे मत त्या खटाटोपात पक्के झाले.

संस्थेची नोंदणी, बँकेतील खाते, हिशेबतपासनीस ही कामे चिकाटीने होतात आणि त्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. घटनेतील एका कलमावर मात्र आम्ही मनापासून वाद घातला. ज्या नाटकाचा प्रयोग झालेला नाही, किंवा मोजके प्रयोग होऊन जे थांबले आहे, तेच नाटक संस्था करील, असे आम्ही त्यात लिहून घेतले. पैशाची अडचण आली की वर्षातून एखादे गाजलेले नाटक करावे, हा विचार प्रत्येक संस्थेत डोके वर काढतो. तो एकदा मान्य झाला की तालमीचा वेळ, चांगले नट आणि सोयीच्या तारखा त्या गाजलेल्या नाटकाकडे ओढल्या जातात, असे मला वाटते.

संहिता मागवताना लेखकाचे नाव मुखपृष्ठावरच असावे, आतल्या पानांवर नसावे, अशी अट ठेवली. मुखपृष्ठ बाजूला काढून प्रत्येक संहिता दोघांनी स्वतंत्रपणे वाचायची आणि आपले टिपण एकमेकांना न दाखवता द्यायचे, असा क्रम ठरला. नाकारलेल्या संहितेच्या लेखकालाही चार ओळींचे कारणांसह उत्तर पाठवायचे, हा नियम कष्टाचा होता, परंतु त्यामुळेच पुष्कळ लेखक आपली पुढची संहिता घेऊन पुन्हा आमच्याकडे आले.

निवडलेल्या लेखकाशी लेखी करार केला. त्यात प्रयोगांची मुदत, ती संपल्यावर हक्क लेखकाकडे परत जाणे, संमतीशिवाय संवादात बदल न करणे आणि ध्वनिचित्रमुद्रणासाठी वेगळी परवानगी घेणे, हे सर्व स्पष्ट लिहिले. प्रवेश विनामूल्य असला तरी लेखकाला मानधन द्यायचेच, हेही त्यात आले. नाटक नवे आहे म्हणून लेखकाने ते फुकट द्यावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

यानंतरचा टप्पा अभिवाचनाचा, आणि संस्थेची खरी जडणघडण तिथे झाली. नट बसून वाचतात, रंगसूचना एक जण वेगळा वाचतो, आणि त्यांतल्याही कथेला आवश्यक तेवढ्याच सूचना घेतल्या जातात, म्हणजे संवादांची लय तुटत नाही. लेखकाने मागच्या रांगेत बसावे, असा आमचा आग्रह असतो, कारण श्रोत्यांचे लक्ष कुठे सुटते हे मागून नेमके कळते. एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या आरंभी एक लांबलचक पत्र वाचले जात होते. कागदावर ते आम्हा सर्वांना आवडले होते, परंतु वाचनाच्या वेळी तिथे सभागृहातील चुळबूळ स्पष्ट ऐकू आली. लेखिकेने कोणी न सांगता ते पत्र काढले आणि त्यातील मजकुराचा गाभा घरी परतलेल्या धाकट्या भावाच्या तोंडी वादाच्या रूपाने घातला. तो प्रवेश पुढे त्या नाटकातील सर्वांत जिवंत प्रवेश ठरला.

वाचनानंतरच्या चर्चेला शिस्त नसेल, तर श्रोता स्वतःच्या मनातले नाटक सांगू लागतो आणि लेखक बचावात गुंततो. म्हणून अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास मांडलेली प्रतिसादाची पद्धत आम्ही स्वीकारली. तिच्यात प्रथम श्रोते आपल्याला काय भावले ते सांगतात. मग लेखक प्रश्न विचारतो. नंतर श्रोते निःपक्ष प्रश्न विचारतात. आणि शेवटी, लेखकाची परवानगी असेल तरच, मत मांडले जाते. ‘शेवट का बदलला नाही?’ या प्रश्नात मत दडलेले असते आणि ‘शेवटी ती दार उघडे ठेवते, त्यातून तुम्हाला काय सुचवायचे होते?’ यात नसते, हा फरक समजायला श्रोत्यांना काही वाचने लागली.

जागेसाठी आम्ही नाट्यगृहाच्या मागे लागलो नाही. १९७४पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांना घर मिळवून दिले होते, हे आमच्यासमोर होते. आम्हीही एक साधे सभागृह घेतले, तीन बाजूंना प्रेक्षक बसवले आणि बाहेर पडण्याची दोन्ही दारे कायम मोकळी ठेवली. दिव्यांच्या बाबतीत आधी विजेचा भार मोजून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. एक हजार वॉटचा दिवा २३० व्होल्टवर चार अँपियरहून थोडा अधिक प्रवाह घेतो, त्यामुळे साध्या वायरिंगवर असे दिवे मोजकेच लावता येतात. आम्ही कमी वॉटचे एलईडी दिवे घेतले आणि समोरचा प्रकाश दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांच्या कोनातून टाकला. चेहरे नीट दिसले की छोट्या जागेतील बरेचसे काम होते.

पैशाचे गणित सभासदत्वावर बसवले. पॅरिसमध्ये वायू कंपनीत कारकुनी करणाऱ्या आंद्रे आंत्वान यांनी १८८७ साली ‘थिएत्र लिब्र’ हे छोटे नाट्यगृह सुरू केले, तेव्हा तेही वर्गणीदारांच्या बळावर चालले, आणि खासगी प्रयोगांमुळे सरकारी परिनिरीक्षणातूनही (सेन्सॉरमधूनही) त्यांना मोकळीक मिळाली. आमच्या दृष्टीने वर्गणीचा मोठा लाभ असा, की वर्षभराची वर्गणी भरलेला प्रेक्षक नाटकाचे नाव पाहून येत नाही, संस्थेच्या निवडीवर विश्वास ठेवून येतो. आमचे बहुतेक पहिले सभासद अभिवाचनांना येणारे श्रोतेच होते. एखाद्या नाटकाचा कच्चा खर्डा ऐकलेला माणूस त्याचा प्रयोग पाहायला येतोच, आणि येताना बरोबर कोणाला तरी घेऊन येतो.

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचे कौतुक होते, मात्र दुसरी संस्था तेच नाटक पुन्हा बसवायला क्वचितच पुढे येते. ‘पहिला प्रयोग आमचा’ या हौसेपायी चांगल्या संहिता एका निर्मितीनंतर विरून जातात. म्हणून वर्षातील एक निर्मिती आम्ही इतरत्र एकदा होऊन थांबलेल्या नाटकासाठी राखून ठेवली आहे. त्यातील पहिल्या नाटकाच्या तालमी सध्या सुरू आहेत, आणि पूर्वीच्या प्रयोगात जे साधले नाही असे लेखकाला वाटते, ते प्रवेश तो दिग्दर्शकासोबत नव्याने लिहीत आहे.