आर-१७ ला बाकी १ का येत होती

आर-७ म्हणजे सलग सात एक लिहून होणारी संख्या, १११११११; अशा संख्यांचे अवयव शोधणारा लूप मी लिहितोय. गेल्या नोंदीत लिहिलं होतं की नवा लूप आर-७, आर-११ आणि आर-१३ वर बिनचूक चालला, आता आर-१७ तपासला की थेट आर-३१. आर-१७ लाच गाडं अडलं आणि तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

उत्तर आधीच माहीत असलेली चाचणी होती ही. सलग सतरा एक, अवयव २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७, दोन्ही ३४क + १ या साच्यातले (१७ च्या दुपटीची कुठलीतरी पट, अधिक १; क पूर्णांक). पहिल्याने भागलं, बाकी १. दुसऱ्याने भागलं, तरीही १!

आधी लूपवर संशय घेतला, मग भागाकाराच्या फंक्शनवर. शेवटी वाटलं, अवयवच चुकीचे टाइप झालेत. म्हणून कागद घेतला. २३ गुणिले ५७ म्हणजे १३११, शेवटचे अंक ११, ठीक. मग नवाचा ताळा (अंकांच्या बेरजेला ९ ने भागून उरणारी बाकी): एकाचा ४, दुसऱ्याचा २, गुणाकार ८. सतरा एकांची बेरीज १७, ताळा ८. अवयव बरोबर होते. तोच ताळा प्रोग्रॅममधल्या संख्येचा काढला, तर शून्य. संख्या छापून पाहिली: सोळा एक आणि शेवटी २.

संख्या डबलमध्ये (दशांश संख्यांसाठीच्या, मर्यादित अचूकतेच्या प्रकारात) ठेवली होती, तिथेच घात झाला. डबलमध्ये सगळे पूर्णांक बसतात ते २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. त्याच्या लगेच पुढे फक्त सम संख्यांना जागा. आर-१६ आत बसतो, आर-१७ बाहेर पडतो आणि शेजारच्या सम संख्येवर ढकलला जातो. दोन्ही बाक्या १ का, तेही उलगडलं: संख्याच एकाने वाढली होती. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पायथन घ्यावं, त्यातले पूर्णांक हवे तेवढे लांब होतात.

मीही तिकडेच वळणार होतो, पण कागदावरचा भागाकार बघताना सुचलं की पूर्ण संख्या साठवायचीच कशाला? बाकीला १० ने गुणायचं, १ मिळवायचा, पुन्हा बाकी काढायची, असं सतरा वेळा. भाजकाच्या दहापटीपलीकडे काहीच जात नाही. २०७१७२३ ला शून्य आलं तेव्हा खुर्चीतून उठलो!

त्याच लूपने लगेच आर-३१ घेतला. इथे साचा ६२क + १. क = ४५ ला २७९१ सापडला, क = १११९८९ ला ६९४३३१९. उरला ५७३३६४१५०६३७९०६०४३५९. ती मूळ संख्या (१ आणि स्वतःशिवाय कशानेच भाग न जाणारी) आहे हे माहीत आहे, पण स्वतःच्या लूपने सिद्ध करायचंय, म्हणजे क सुमारे १२ कोटी २१ लाखांपर्यंत न्यायचा. ३, ५, ७ ने भाग जाणारे उमेदवार गाळून आज रात्री सुरू करणार होतो.

थांबा, आणखी एक चाळणी आहे. आर-३१ च्या कुठल्याही मूळ अवयवाच्या मापाने १० ची कोटी (१० चा ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते तो घात) ३१, म्हणजे विषम, म्हणून १० हा त्या अवयवाच्या मापाने वर्गशेष (कुठल्यातरी वर्गाची बाकी) असलाच पाहिजे. मग त्या अवयवाला ४० ने भागल्यावर बाकी ±१, ±३, ±९, ±१३ यांपैकीच हवी. २७९१ ची ३१, म्हणजे −९. ६९४३३१९ ची ३९, म्हणजे −१. अर्धे उमेदवार इथेच गळतात. आधी हे लिहितो, लूप उद्या.