मेरीहिलच्या तारेच्या बाहुल्या पाहायला जाताना

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडहून पूर्वेला आय-84 महामार्ग धरला की पहिला तासभर दाट हिरवाई आणि धबधबे. हूड रिव्हर मागे पडलं की झाडं विरळ होत जातात, आणि द डॅल्सनंतर उरतात फक्त पिवळ्या, उघड्या टेकड्या. बिग्ज जंक्शनला पूल ओलांडून कोलंबिया नदीच्या वॉशिंग्टन राज्याच्या बाजूला जायचं आणि हायवे 14 वर डावीकडे वळायचं. थोड्याच वेळात कड्यावर काँक्रीटचा एक एकटा वाडा दिसतो. हेच मेरीहिल म्युझियम. पॅरिसच्या ओत कुत्यूरचा, म्हणजे मापावर हातानं शिवलेल्या उंची पोशाखांचा, 1945-46 सालचा ठेवा इथे आहे, तारेच्या बाहुल्यांच्या अंगावर.

जाण्याआधी मागची हकिकत माहीत असू द्या, कारण काचेपलीकडे काय आहे ते त्याशिवाय उमगत नाही. पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून 1944 च्या ऑगस्टमध्ये सुटलं, पण कापड नव्हतं, कोळसा नव्हता, वीज धड नव्हती. कपड्यांची राजधानी अजून आपणच आहोत हे जगाला दाखवायचं होतं आणि युद्धपीडितांसाठी पैसाही उभा करायचा होता. पूर्ण मापाचे पोशाख करायला कापड आणणार कुठून? म्हणून माणसाच्या एक तृतीयांश, साधारण 70 सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या ठरल्या. कल्पना पॅरिसच्या फॅशनकार नीना रिची यांचा मुलगा रॉबेर रिची याची. एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीनं आकृती रेखाटली, जाँ सँ-मार्तँ यांनी ती तारेत वळवली. प्लास्टरचे चेहरे जोआन रेबुल या कॅटलान शिल्पकाराचे. त्यांना रंगरंगोटी करायची नाही, ही त्याची अट होती. ‘तेआत्र द ला मोद’ (फॅशनचा रंगमंच) हे या बाहुल्यांचं प्रदर्शन मार्च 1945 मध्ये लूव्र राजवाड्याच्या मार्सां दालनात उघडलं आणि सुमारे एक लाख लोकांनी ते पाहिलं. युद्ध तेव्हा संपलंही नव्हतं.

आत गेल्यावर घाई करू नका. बाहुल्या नाटकासारख्या नेपथ्यांत मांडल्या आहेत; एकेका नेपथ्यासमोर निदान पंधरा मिनिटं द्या. शरीर उघड्या तारेचं असल्यामुळे नजर सरळ कापडावर जाते. बटणं खरी आहेत, काजं खरी आहेत. या मापात नेहमीचं जाड कापड फुगतं, पडत नाही. म्हणून चुणी किती बारीक घ्यायची, काठ किती दुमडायचा, याचा हिशेब प्रत्येक फॅशनघराला नव्यानं मांडावा लागला असणार. बालेन्सियागा, स्कियापरेली, लाँव्हँ, बाल्मँ अशी सुमारे 60 घरं यात होती. शिवणाऱ्या बायकांची नावं मात्र पाट्यांवर सापडत नाहीत. गारठलेल्या कारखान्यांत बसून ज्यांनी हे टाके घातले, त्यांच्यासाठी मला ते फार लागलं.

मी गेले तेव्हा कवी आणि चित्रपटकार जाँ कॉक्तोचा देखावा मांडलेला होता: जळून छप्पर फुटलेली खोली, पलीकडे पॅरिसची छपरं, आणि झाडूवर बसून उडणारी नवरी. बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या युरोपात तो पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल! चित्रकार क्रिस्तियाँ बेरारचा रंगमंच जास्त देखणा आहे, पण मला कॉक्तोचाच जास्त भिडला.

न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोचा दौरा झाल्यावर बाहुल्यांचे दागिने पॅरिसला परत गेले. बाहुल्या मात्र सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दुकानाच्या तळघरात पडून राहिल्या. तिथल्या दानशूर कलाप्रेमी अल्मा स्प्रेकल्स यांच्या पुढाकारानं त्या 1952 मध्ये मेरीहिलला आल्या. मूळ नेपथ्यं हरवली. आज दिसतात ती 1990 च्या सुमारास पॅरिसमध्ये पुन्हा बांधलेली.

आता कामाचं. म्युझियम 15 मार्च ते 15 नोव्हेंबर एवढंच उघडं असतं, वेळ 10 ते 5. निघण्यापूर्वी त्या वर्षीची वेळ एकदा तपासा. सगळे देखावे एकदम मांडत नाहीत, तीनच, तेही आलटून पालटून. एखादा ठरावीक पाहायचा असेल तर आधी फोन करून विचारा. कापड जपण्यासाठी प्रकाश मंद ठेवतात, त्यामुळे छोटी दुर्बीण जवळ असली तर मागच्या रांगेतली शिवणही दिसते. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा.

बससेवेच्या भरवशावर राहू नका, गाडी हवीच. पोर्टलंडहून साधारण दोन तास, सिअ‍ॅटलहून याकिमा-गोल्डनडेलमार्गे चार. पेट्रोल बिग्जलाच भरून घ्या. शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा. बागेत बसून जेवता येतं, मोर भोवती फिरत असतात. वारा मात्र जबरदस्त असतो, कागदी ताटल्या टिकत नाहीत. उन्हाळ्यात दुपार तापते, तेव्हा मे किंवा सप्टेंबर बरा.

त्याच तिकिटात फ्रेंच शिल्पकार रोदँची शिल्पं आणि रुमानियाच्या राणी मेरीचं सामानही आहे. वेळ कमी असेल तर मी रोदँ सोडेन; तो इतरत्रही भेटतो. पूर्वेला पाचेक किलोमीटरवर म्युझियमचा संस्थापक सॅम हिल यानं पहिल्या महायुद्धात गेलेल्या स्थानिक सैनिकांसाठी बांधलेलं, इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाची प्रतिकृती असलेलं काँक्रीटचं स्टोनहेंज आहे. त्याला तिकीट नाही, अर्धा तास पुरतो. मुक्काम करायचाच तर द डॅल्समध्ये करा, तिथे हॉटेलं जास्त आहेत.